पाया पडतो, पण विचारतो का? (घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल)

कंबरतलाव_जवळची

लै दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ७५. मिलमध्ये कामगार होते, मिल बंद पडल्यावर पूर्व भागात मागावर काम केलं. आई गेल्यापासून आमच्याकडेच आहेत, जुळे सोलापुरात. गेल्या दीडेक वर्षापासून आमच्या घरात सगळे म्हणायला लागले की आप्पा विसरायला लागलेत. सांगितलेलं लक्षात राहत नाही, विचारलं एक की उत्तर दुसरंच देतात, चार माणसं बसली की गप्प होतात आणि उठून गॅलरीत जातात. मीपण म्हणत होते, मी काय वेगळी नव्हते. "वय झालं आता" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून चार वेळा ऐकू यायचं.

एका दवाखान्यात नेलं. आप्पा डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत, मी मागं उभी. डॉक्टर माझ्याकडं बघून विचारतायत, जेवतात का, झोपतात का, घरातल्यांना ओळखतात का. आप्पा समोर बसलेत हो! मी पण उत्तरं देत गेले, जेवतात, झोपतात, ओळखतात. शेवटी म्हणाले ७५ म्हणजे एवढं होणारच, आणि बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं. येताना रिक्षात आप्पा एवढंच बोलले, "माझ्याबद्दल तुम्ही दोघांनी छान बोललात."

मग दोन महिन्यांनी बँकेत तसंच. केवायसीला गेलो तर काउंटरवरची मुलगी मला विचारते, यांना सही येते का अंगठा घेऊ. आप्पांनी पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला आजोबांना बाजूला बसवा की. मला त्या दिवशी जे झालं ते अजून नीट सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. भाचीनं सांगितलं म्हणून कानाची तपासणी केली, ऑडिओमेट्री. आप्पांना विसरायला होतच नव्हतं, त्यांना ऐकू येत नव्हतं! आणि ऐकू येत नाही म्हणजे शांतता नाही, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे स, त, क, फ असली अक्षरं गळतात, "साखर" का "भाकर" कळत नाही, मग माणूस अंदाजानं उत्तर देतो. आणि त्यांनी आप्पांनाच विचारलं, मला नाही, की काम कुठं केलंत. आप्पा म्हणाले विणाई खात्यात. त्या म्हणाल्या मग बरोबर आहे. आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाजात राहिलं की कान जायला लागतात आणि लूमच्या शेडमध्ये ९० च्या वर असतो. म्हणजे आप्पांचे कान वयानं नाही, निदान सगळे वयानं नाही, कामानं गेलेत. आणि आम्ही दीड वर्ष वयावर ढकललं.

तेव्हापासून वाचत गेले, या सगळ्याला एक शब्द आहे हे कळलं. एजिझम, मराठीत वयभेद म्हणू. रॉबर्ट बटलर म्हणून अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९६९ मध्ये हा शब्द वापरला, वॉशिंग्टनजवळ एका वस्तीत म्हाताऱ्यांसाठी घरं करायला शेजाऱ्यांनी विरोध केला होता त्यावरून. जात, रंग, बाई-पुरुष यावरून जसा भेद करतो तसाच वयावरून. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल तर म्हणतो जगात दर दोन माणसांत एकाच्या मनात म्हाताऱ्यांबद्दल असे पूर्वग्रह आहेत.

तुमच्याकडं काय अनुभव? आणि तुम्ही काय बदललं? मला खरंच ऐकायचंय.

---

शेंगाचटणी

वाचून घशाशी आलं ताई. "छान बोललात" हे लै लागलं. आमच्या आईच्या गुडघ्याचं सेम. वय, वय, वय. मग एकानं रक्त तपासायला लावलं तर व्हिटॅमिन डी आणि बी१२ दोन्ही तळाला. गुडघे झिजलेत ते आहेच पण पायातल्या मुंग्या आणि थकवा औषधानं गेला की. आणि तिचा दुसरा गुडघा पण त्याच वयाचा आहे, तो कुठं दुखतोय?

---

जुना_पेठकर

ताई तुमचा अनुभव वाईट आहे, मान्य. पण हा एजिझम वगैरे बाहेरचा विषय आहे असं माझं मत. तिकडं १८ झालं की पोरं घर सोडतात, आईबाप एकटे राहतात. आपल्याकडं संक्रांतीला तिळगूळ देऊन आधी थोरल्यांच्या पाया पडतात, गड्ड्याच्या यात्रेत सुद्धा म्हातारं माणूस दिसलं की लोक वाट देतात. आपल्यात आदर आहे. उगाच नवा शब्द आणून आपल्याच घरांना दोष कशाला?

---

कंबरतलाव_जवळची

@जुना_पेठकर दादा, आदर आहे हो, मी कुठं नाही म्हणते. माझी मुलं रोज आप्पांच्या पाया पडतात. पण मागच्या दिवाळीत हॉलमधला आप्पांचा पलंग आम्ही आतल्या खोलीत हलवला, त्यांच्या सोयीसाठी, संडास जवळ पडतो म्हणून. ते बाहेर गेले होते तेव्हा हलवला. पाया पडलो आणि पलंग न विचारता हलवला, दोन्ही एकाच दिवशी. पाया पडायला काही लागत नाही हो, विचारायला थांबावं लागतं, आणि ते नाही म्हणाले तर ऐकावं लागतं. हॉलमधून त्यांना रस्ता दिसायचा.

---

मागावरचा

मी अशोक चौकातला, आमच्यात तिसरी पिढी मागावर आहे. माझे मोठे चुलते, वय ६८. जकार्डचे जॉबर, म्हणजे माग लावून देणारे, बिघडला तर दुरुस्त करणारे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोलापुरी चादरीवर जी नक्षी असते ती छापलेली नसते, विणतानाच येते, जकार्डच्या पंच केलेल्या पुठ्ठ्यांवरून, कुठला धागा वर उचलायचा कुठला खाली ते त्या भोकांवर ठरतं. एक हुक बिघडला तर फुलाची पाकळी तुटते, आणि तो हुक शोधणं सोपं नाही, हजारात एक असतो.

दोन वर्षांमागं ते ज्या कारखान्यात होते तिथल्या मालकाच्या पोरानं त्यांना सांगितलं, काका आता तुम्ही आराम करा. गोड बोलून, नारळ शाल देऊन. कारण काय तर स्लो झालेत. नंतर काय झालं, एक माग तीन दिवस बंद, नवीन पोरगं सगळं खोलून बसलं. शेवटी चुलत्यांना बोलावलं. ते आले, हात लावला नाही, अगोदर नुसतं उभं राहून माग चालू करायला सांगितला आणि आवाज ऐकला. मग दाखवलं कुठं आहे ते. अर्धा तास.

मी हे म्हातारी माणसं सगळं जाणतात म्हणून सांगत नाहीये. चुलत्यांना आता कॉम्प्युटरवरचं डिझाइन जमत नाही, आणि ते शिकायचं पण नाही म्हणतात. शिडीवर चढून जकार्डला हात घालायचा तर मलाच भीती वाटते. पण मालकानं विचारायला पाहिजे होतं ना की काका कुठलं काम तुम्ही ठेवणार कुठलं सोडणार. एकदम सगळंच काढून घेतलं. शाल दिली म्हणजे झालं? त्यानंतर चार महिने ते घरी बसले आणि तेवढ्यात म्हातारे झाले, मी डोळ्यानं बघितलंय. काय करूलालाव काका म्हणलं की म्हणायचे, काय नाही, बसूलालोय.

आता पुन्हा आठवड्यातून तीन दिवस जातात, दुसरीकडं, दोन पोरांना शिकवायला. सगळे पैसे मिळत नाहीत, पण जातात.

---

रात्रपाळी

माझं जरा वेगळं आहे, राग येऊ देऊ नका. सासूबाई ८१, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, तपासणी होऊन ठरलेला. गॅस चालू ठेवतात, रात्री दार उघडून बाहेर जातात. मी आधी प्रत्येक गोष्ट विचारून करायचे. आता नाही जमत. असे धागे वाचले की वाटतं मीच वाईट. सेवा करणाऱ्या बाईला पण कुणीतरी समजून घ्या.

---

निवृत्त_मास्तर

@रात्रपाळी, मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात वयस्कर, ७१ पूर्ण. तुम्ही वाईट नाही. तुम्ही जे करताय ते आजार बघून करताय, वय बघून नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिमेन्शिया हा आजार आहे, म्हातारपणाचा नेहमीचा भाग नाही, हे जागतिक आरोग्य संघटना पण स्पष्ट सांगते. उलट वयभेदाचा त्रास अशाच घरांना जास्त होतो, कारण सुरुवातीला सगळे म्हणतात वय आहे, विसरणारच, आणि तपासणीला उशीर होतो. दार-गॅस तुम्हीच बघा. पण कुठली साडी नेसायची, आधी चहा का आधी आंघोळ, एवढं दोनातलं एक निवडणं बऱ्याच जणांना बरंच पुढपर्यंत जमतं. जमलं तर विचारा, नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. आणि रात्री झोप कोण देतं तुम्हाला? घरातल्या पुरुषांना पाळी लावून द्या.

आता माझं. मी ५८ ला निवृत्त झालो. माझ्याशी सगळ्यात जास्त वयभेद कुणी केला असेल तर मी स्वतः. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी हार्मोनियम शिकावी वाटलं, लहानपणापासूनची इच्छा, तर मीच म्हणालो आता काय या वयात. चष्म्याचा नंबर वाढला तर वाचन कमी केलं, आता काय. पार्क मैदानाकडे फिरायला जायचो ते बंद केलं, आता काय. कुणी अडवलं नव्हतं. "आता काय" हे दोन शब्द मी स्वतःला किती वेळा म्हणालो मोजता येणार नाही.

मग बेका लेव्ही या संशोधक बाईंच्या कामाबद्दल वाचलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका गावात १९७५ मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांना त्यांच्या म्हातारपणाबद्दल विचारलं होतं, वय वाढेल तसा माणूस कमी उपयोगाचा होतो हे तुम्हाला पटतं का, अशा धर्तीचे प्रश्न. मग पुढची तेवीस वर्षं कोण किती जगलं ते बघितलं. २००२ मध्ये निष्कर्ष आला की ज्यांची स्वतःच्या वयाकडं बघायची नजर चांगली होती ते बाकीच्यांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत, पैसा, एकटेपणा हे हिशोबात धरूनसुद्धा. मी गणिताचा शिक्षक, मला माहीत आहे की एकाबरोबर दुसरं दिसलं म्हणजे पहिल्यामुळेच दुसरं झालं असं नाही. पण साडेसात वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. आणि कारण समजायला पण अवघड नाही. ज्याला वाटतं आता काय, तो बीपीची गोळी पण चुकवतो, चालायला पण जात नाही.

हार्मोनियम ६६ व्या वर्षी सुरू केली. बरी वाजत नाही. बोटं आखडतात सकाळी. पण भूप वाजवतो.

---

कडक_भाकरी

मास्तर _/\_

मी ३१ ची आहे, आयटीतून परत सोलापूरला आलेय. एक बाजू मांडायची होती, वयभेद उलटापण असतो. "तू अजून लहान आहेस तुला काय कळतं" हे मी घरात ऐकत मोठी झाले आणि अजून ऐकते. आजी तिचं दुखणं मला सांगते पण निर्णयाच्या वेळी मला बाहेर पाठवतात. म्हणजे आमच्या घरात पस्तिशीच्या खाली आणि सत्तरीच्या वर दोघांनाही मत नाही, मधले तिघं ठरवतात. 😐

आजीबद्दल सांगते. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. दिवसाला हजार. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा, कारखान्यात नेऊन द्यायच्या, त्यातल्या काही वाईट म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. त्यावर तिनं तीन मुलं शिकवली. पैशाचा पूर्ण हिशोब तिच्या तोंडात असायचा. आणि आता तिचं पासबुक काकांकडं, एटीएम काकांकडं, का तर फ्रॉड होतात. फ्रॉड होतात हे खरं आहे. पण माझ्या ऑफिसातल्या २८ वर्षांच्या पोराचे पण ऐंशी हजार गेले, त्याचं एटीएम कुणी काढून घेतलं नाही.

मी तिला शिकवलं. मोठे आकडे, खात्यात थोडेच पैसे ठेवायचे, ओटीपी मलासुद्धा सांगायचा नाही. पहिल्यांदा भाजीवाल्याला स्कॅन करून तीस रुपये दिले तेव्हा स्पीकरवर आवाज आला तर ती म्हणाली, त्याला अजून एकदा बोलायला सांग.

---

औषधवाला_७०फूट_रोड

मेडिकल दुकान आहे, रोज बघतो म्हणून थोडं कामाचं लिहितो.

एक, म्हातारं माणूस स्वतः चिठ्ठी घेऊन आलं तर त्यालाच समजावून सांगतो, सोबतच्याला नाही. गोळ्या तोच खाणार आहे. वेळ लागतो, मागं रांग लागते, लागू दे.

दोन, अचानक गोंधळ, अचानक तोल जाणं, चार-पाच दिवसांत वागणं बदललं, तर याला वय म्हणू नका. वय चार दिवसांत वाढत नाही. लघवीचं इन्फेक्शन असतं, सोडियम कमी झालेलं असतं, उन्हाळ्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्रीला अंगात पाणी कमी पडतं, नाहीतर नवीन चालू झालेली एखादी गोळी असते. झोपेच्या गोळीनं म्हातारी माणसं रात्री पडतात. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या असतात आणि कुणालाच सगळं माहीत नसतं.

तीन, @कंबरतलाव_जवळची, कान तपासून घेतलात ते फार बरं केलंत. ऐकू न येण्यावर उपाय न करणं हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत मोजतात, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०२४ मध्ये अशी टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत त्यात आहे. कानाचं मशिन घेतलं की पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज पण सहन होत नाही, बरेच जण काढून डब्यात ठेवतात. थोडं थोडं घालायचं. टीव्ही बंद करून, तोंडासमोर येऊन, सावकाश बोला, ओरडू नका.

---

जुना_पेठकर

सगळं वाचलं दोन दिवस. मी आधी जे लिहिलं त्यातलं थोडं मागं घेतो. पलंगाचं वाचून आठवलं, आमच्या अव्वाला आम्ही गेल्या वर्षीपासून लग्नाला नेत नाही. दगदग होते म्हणून. विचारलं नव्हतं. काल विचारलं. म्हणाली मला वाटलं तुम्हाला माझी लाज वाटते.

पुढं लिहवत नाही.

---

शेंगाचटणी

😔 पेठकर काका, येतं लग्न कुठलं आहे त्याला न्या.

कुणाला उपयोग होईल म्हणून माहिती टाकते. ६० च्या पुढच्यांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फुकट. घर नावावर करून घेतलं आणि मग बघत नाहीत असे प्रकार असतील तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं असेल आणि सांभाळलं नाही तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, अट कागदात लिहून घेतलेली असली की काम सोपं होतं. अर्ज न्यायाधिकरणाकडं, म्हणजे प्रांत ऑफिसात. ७५ पूर्ण झालं की एसटी फुकट, ऑगस्ट २०२२ पासून. ७० च्या पुढं आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, कुटुंबाला मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत.

---

मागावरचा

एसटीचं खरं लै उपयोगी आहे. चुलते ७५ ची वाट बघतायत, म्हणतात अख्खा महाराष्ट्र बघणार. मी म्हणलं काकू? म्हणले तिचं अर्धं तिकीट आहे की बायकांचं.

---

रात्रपाळी

मास्तर, तुमचं वाचून रडले थोडं. साडीचं करून बघितलं. दोन पुढं धरल्या, हिरवी आणि जांभळी. त्यांनी हिरवीवर हात ठेवला. मग अर्ध्या तासानं मला ओळखलं नाही. पण हिरवी त्यांनीच घेतली होती.

नवऱ्याला शनिवार-रविवारची रात्र दिली आहे. काल झोपले सहा तास.

---

कंबरतलाव_जवळची

सगळ्यांचे आभार, एवढे लोक लिहितील वाटलं नव्हतं. महिनाभरानं परत लिहिते कारण एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती माझ्याच चुकीची आहे.

मशिन आलं, उजव्या कानाला. औषधवाल्या दादांनी सांगितलं तसंच झालं, पहिल्या आठवड्यात कुकरच्या शिट्टीला दचकायचे, काढून ठेवायचे. आता सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास घालतात. पलंग हॉलमध्ये परत आणला, हा त्यांना विचारून, आणि त्यांनी खिडकीच्या बाजूला डोकं करून लावायला सांगितला, आधी होता तसा नाही.

मग परवा मी त्यांना हा धागा दाखवला. अक्षरं मोठी करून दिली. चष्मा लावून सगळा वाचला, तासभर लागला. वाचून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्याबद्दल एवढं लिहिलंस, मला विचारलं होतंस का?"

नव्हतं विचारलं. विचारायला पाहिजे असं मनात सुद्धा आलं नव्हतं. धाग्याचं नाव मीच दिलंय आणि मलाच सुचलं नाही. मी म्हणलं काढून टाकू का आप्पा. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही, मग म्हणाले राहू दे, त्या साडीवाल्या बाईला उपयोग झालाय. पण दोन दुरुस्त्या कर म्हणाले. त्या त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"एक, मी मिलमध्ये कामगार नव्हतो. जॉबर होतो. अठ्ठावीस लूम माझ्याकडं होते. दोन, चार माणसांत मी उठून गॅलरीत जायचो ते ऐकू येत नाही म्हणून जायचो हे बरोबर आहे, पण सगळ्या वेळी नाही. कधी कधी तुमचं बोलणंच कंटाळवाणं असायचं."

आणि @मागावरचा, ते तुमच्या चुलत्यांना भेटायचं म्हणतायत. कुठल्या मिलमध्ये होते, कुठल्या खात्यात, विचारून सांगा. रविवारी अशोक चौकात येतील, बसनं एकटेच येणार आहेत.